राज्यसेवेची मुलाखत: पोटातला गोळा, छातीतली धडधड आणि तीन आठवड्यांची तयारी

मुख्य परीक्षेच्या यादीत नाव दिसतं, दोन दिवस पेढे वाटून होतात आणि तिसऱ्या दिवसापासून पोटात गोळा यायला लागतो. लेखी परीक्षेला अभ्यासक्रम असतो. मुलाखतीला समोर माणसं असतात आणि ती काय विचारतील हे कुठे छापलेलं नसतं. त्यात गुणांचा आकडा डोळ्यांसमोर नाचतो. २०२५च्या परीक्षेपासून राज्यसेवा वर्णनात्मक झाली आणि मुलाखत १०० वरून २७५ गुणांवर गेली. आकडा पावणेतीनपट झाला हे खरं, पण आधी एकूण गुण ९०० होते आणि आता २०२५ आहेत. मुलाखतीचा वाटा अकरा टक्क्यांवरून साडेतेराच्या आसपास गेला, एवढाच फरक. ‘सगळं आता मुलाखतीवर आहे’ असं जे कोणी सांगत असेल त्याला हा भागाकार दाखवा.

‘घाबरू नकोस’ या सल्ल्याचा उपयोग शून्य. घाबरायला होतं त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. गडबड होते ती एका भीतीवर दुसऱ्या भीतीचा उपाय केल्यामुळे. छाती धडधडत असते आणि उमेदवार रात्री अकरा वाजता चालू घडामोडींचं मासिक उघडतो. जात वैधता प्रमाणपत्रावरच्या नावातली चूक मनाला कुरतडत असते आणि तो अनुलोम-विलोम करत बसतो. दोन्ही कामं चांगली, पण जागा चुकलेली. खालची मांडणी राज्यसेवा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. यूपीएससी, बँक किंवा खाजगी कंपनीच्या मुलाखतीला तपशील बदलतील, क्रम तोच राहील.

आधी भीतीची वर्गवारी

मुलाखतीला तीन आठवडे असताना वीस मिनिटं काढा आणि एक फुलस्केप कागद घ्या. मनातली प्रत्येक भीती एकेका पूर्ण वाक्यात लिहा. ‘टेन्शन आलंय’ हे चालणार नाही. ‘मेकॅनिकल होऊन चार वर्षं झाली, थर्मोडायनॅमिक्सचं काही विचारलं तर गप्प बसावं लागेल’ हे चालेल. ‘इंग्रजीत प्रश्न आला तर अडखळेन आणि मॅडम हसतील’ हेही चालेल. लाजिरवाणं वाटतं ते आधी लिहा, कारण रात्री झोपू देत नाही ते तेच.

मग प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर टाका. तयारीने मिटेल त्याला ‘त’. कागदपत्रं, प्रवास, कपडे अशा व्यवस्थेने मिटेल त्याला ‘व’. हात थरथरणं, घाम, घशाला कोरड अशा शरीराच्या गोष्टींना ‘श’. आणि आपल्या हातात काहीच नाही त्याला ‘स’, म्हणजे सोडून द्यायचं. कोणतं पॅनेल मिळेल, कटऑफ किती लागेल, आपल्या आधी आत गेलेला किती हुशार निघेल, हे सगळं ‘स’. या खुणेच्या वाक्यांवर एक मिनिटही घालवायचं नाही. टेलिग्रामवरच्या ‘या पॅनेलमध्ये गुण कमी पडतात’ छापाच्या चर्चा याच खात्यात जातात. त्या ग्रुपमधून तीन आठवड्यांपुरतं बाहेर पडलात तर काहीही बुडत नाही.

‘त’: ज्या प्रश्नांना घाबरता, तेच आधी

या खुणेचे आठ-दहा प्रश्न निघतात. शिक्षण आणि निवडलेलं पद यांचा मेळ काय, मधली रिकामी वर्षं, कमी पडलेले गुण, अर्जात लिहिलेला छंद, जिल्ह्याचे प्रश्न, पसंतीक्रमात उपजिल्हाधिकारी वर आणि पोलीस उपअधीक्षक खाली का. यांची पूर्ण उत्तरं लिहून पाठ करू नका. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ तुटते. शिवाय पॅनेल मधेच अडवतं, आणि अडवल्यावर पाठांतराला पुन्हा सुरुवातीपासूनच यावं लागतं. पाठांतराचा सूर ऐकणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांत कळतो, ते वेगळंच.

त्याऐवजी पहिलं वाक्य पक्कं करा आणि पुढे फक्त तीन शब्द ठरवा. पहिलंच का, तर प्रश्न कानावर पडल्यावरचे पाच-दहा सेकंद सगळ्यात कठीण असतात. तेवढ्यात तोंडातून एक धड वाक्य बाहेर पडलं की आवाज सापडतो आणि पुढचं सुचायला लागतं. गॅपच्या प्रश्नाचं उदाहरण घेऊ. पहिलं वाक्य: ‘सर, २०२१ला पदवी झाली, तेव्हापासून पूर्णवेळ राज्यसेवेची तयारी करतोय.’ पुढचे तीन शब्द: शिकवणी, शेती, लेखन. म्हणजे खर्च भागवायला दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, सुगीत घरच्या शेतीवर होतो, आणि मुख्य परीक्षेतलं अपयश उत्तरलेखनामुळे होतं म्हणून त्यावर काम केलं. हे तीन शब्द दर वेळी वेगळ्या वाक्यांत बोला. पाच वेळा पाच प्रकारे बोलून झालं की तो प्रश्न यादीतून खोडा.

या उत्तरात चूक होते ती सुरात. ‘घरची परिस्थिती नव्हती सर, त्यामुळे… म्हणजे तसं बघितलं तर…’ अशी सुरुवात झाली की पुढचे तीन प्रश्न त्याच जखमेवर येतात. माहिती द्या, सफाई देऊ नका.

इंग्रजीची भीती ग्रामीण भागातल्या उमेदवारांच्या यादीत हटकून असते. मुलाखत मराठीत देता येते. तरीही एखादा सदस्य मधेच इंग्रजीत प्रश्न टाकतो. कळलेल्या प्रश्नाचं उत्तर मराठीत देण्याची परवानगी मागायला एक इंग्रजी वाक्य तयार ठेवा: ‘सर, मे आय आन्सर इन मराठी?’ एवढंच. ‘माय इंग्लिश इज नॉट गुड’ हे जोडू नका, ते कोणी विचारलेलं नाही.

याच जोडीला चार-पाच ‘असं झालं तर असं’ वाक्यं तयार करा. पेटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात या पद्धतीवर बरंच काम केलं. अडचण आणि त्यावरची कृती आधीच एकमेकांना बांधून ठेवली की ऐन वेळी विचार करावा लागत नाही. प्रश्न कळला नाही, तर ‘सर, प्रश्न पुन्हा सांगाल का?’ उत्तर येत नाही, तर ‘सर, मला हे माहीत नाही.’ अर्धवट येतं, तर ‘नक्की आठवत नाही, अंदाज सांगू का?’ दोघांनी एकदम विचारलं, तर आधी ज्यांनी सुरुवात केली त्यांच्याकडे बघून उत्तर, मग दुसऱ्यांना ‘मॅडम, आता आपला प्रश्न.’ ही वाक्यं मनात म्हणून उपयोग नाही. मोठ्याने, खुर्चीत बसून, रोज एकदा म्हणा. ‘मला हे माहीत नाही’ हे वाक्य पूर्णविरामासकट म्हणणं अवघड जातं. बहुतेकांचं ओशाळं हसू त्यात मिसळतं, किंवा शेपटासारखं ‘सॉरी सर, वाचलं होतं पण’ येतं. ते शेपूट सरावानेच तुटतं.

मॉक (सराव मुलाखत): किती, कुणापुढे, कधी थांबायचं

भीती कमी होते ती ज्याची भीती वाटते ते पुन्हा पुन्हा केल्याने, पण पायरी पायरीने. पहिली पायरी: एकट्याने, मोबाईल समोर ठेवून दहा मिनिटं. दुसरी: खोलीवरच्या मित्रापुढे. तिसरी: ज्यांचा थोडा धाक वाटतो अशा कुणापुढे, जुने शिक्षक, नात्यातले निवृत्त अधिकारी. चौथी: पूर्ण कपड्यांत, अनोळखी पॅनेलपुढे. प्रत्येक वेळी आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्या. सुरुवातीचा आकडा निम्म्यावर आला की पुढची पायरी. थेट चौथीवर उडी मारणारे पहिल्याच मॉकला खचतात आणि मग मॉक टाळायला लागतात. टाळलं की भीती वाढते.

औपचारिक मॉक चार ते सहा पुरे. पुण्यात सदाशिव पेठेत राहिलं की रोज एक देता येतो आणि तिथेच घात होतो. एक पॅनेल म्हणतं हातवारे कमी कर, दुसरं म्हणतं ताठ पुतळ्यासारखा बसू नकोस. नियम साधा ठेवा: दोन वेगवेगळ्या पॅनेलने स्वतंत्रपणे सांगितलेली गोष्टच सुधारायची, बाकी कागदावर राहू द्यायची. शेवटचा मॉक मुलाखतीच्या किमान तीन दिवस आधी. आदल्या दिवशीचा वाईट मॉक दुरुस्त करायला वेळ नसतो, मनात मात्र तो मुक्काम ठोकतो.

रेकॉर्डिंग दोनदा बघा. एकदा आवाज बंद करून, फक्त बसणं आणि हात. एकदा डोळे मिटून, फक्त वेग आणि ‘म्हणजे… अं…’ तेव्हा एक गोष्ट लक्षात येईल: आतून जेवढं थरथरल्यासारखं वाटलं तेवढं बाहेर दिसलेलंच नाही. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. आपल्या मनातली घालमेल समोरच्याला स्पष्ट दिसते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याला त्यातलं थोडंच दिसतं. हे नुसतं माहीत असणंही कामाला येतं.

‘श’: श्वास, पण नीट

‘खोल श्वास घे’ हा सल्ला अर्धाच आहे आणि त्या अर्ध्यानेच नुकसान होतं. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात त्याने छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतले, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर वाटतात, डोकं हलकं होतं, आणि ‘आता चक्कर येणार’ म्हणून भीती आणखी चढते. कामाचा भाग आहे तो श्वास सोडण्याचा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, घेताना थोडी वाढते. म्हणून सोडणं लांबवायचं, घेणं साधंच ठेवायचं.

कृती अशी. पाठ टेकून बसा, एक हात पोटावर. तोंड मिटून नाकाने, मनात एक ते चार मोजत, नेहमीएवढाच श्वास घ्या. पोटावरचा हात थोडा पुढे यायला हवा, खांदे वर जायला नकोत. मग ओठ थोडे उघडून, बशीतला गरम चहा फुंकतो तेवढ्याच जोराने, सहा ते आठ मोजत सोडा. रोखून धरू नका. मिनिटाला पाच-सहा श्वास होतात. पाच मिनिटं, सकाळी आणि संध्याकाळी, तीन आठवडे. आठ आकडे जमत नसतील तर तीन-पाचवर या. धाप लागत असेल तर श्वास जास्त भरून घेताय.

झटपट उपाय हवा असेल तेव्हा दुहेरी श्वास: नाकाने श्वास घ्या, भरत आल्यावर त्यावरच आणखी एक छोटा श्वास घ्या, मग तोंडाने सावकाश सगळा सोडा. एक ते तीन वेळा, जास्त नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३च्या अभ्यासात हाच प्रकार रोज पाच मिनिटं करणाऱ्यांच्या मनःस्थितीत सुधारणा दिसली होती. भ्रामरी किंवा अनुलोम-विलोमची सवय असेल तर तेच चालू ठेवा. मात्र कपालभाती त्या सकाळी नको. जोरजोरात श्वास फेकून शरीराला जाग येते, आणि त्या दिवशी जाग आधीच जास्त असते.

यात सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे हे फक्त मुलाखतीच्या दिवशी करून बघणं. सराव नसेल तर त्या दिवशी मोजण्यातच गोंधळ होतो आणि ‘याचाही उपयोग होईना’ ही नवी भीती पदरात पडते.

बाकीची लक्षणं पटापट. हाताला घाम येत असेल तर मुठी वळू नका, तळवे मांडीवर उघडे ठेवा, खिशात सुती रुमाल. बोटं थरथरत असतील तर हातात पेन किंवा सुटा कागद धरू नका, थरथर कागदात मोठी दिसते. घशाला कोरड पडते तेव्हा दोन घोट पाणी, बाटलीभर नव्हे. रांगेत बसल्यावर लघवीची घाई हे नवं संकट होतं. अंग आखडलं तर बुटाच्या आत पायाची बोटं पाच सेकंद घट्ट वळा आणि पंधरा सेकंद सैल सोडा. एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या स्नायू सैलावण्याच्या पद्धतीचा हा खिशात मावणारा तुकडा. बाहेरून कोणाला काही दिसत नाही.

चहाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. कॅफिनचा जोर प्यायल्यावर अर्ध्या ते एका तासात सगळ्यात वर जातो आणि निम्मा उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे ‘आत जायच्या आधी एक कटिंग मारू’ ही सगळ्यात चुकीची वेळ. रोजच्या सवयीचा सकाळचा एक कप घ्या, कारण अचानक बंद केला तर डोकं दुखतं. त्यानंतर नाही. एनर्जी ड्रिंक तर नाहीच.

पोटाचं गणित आदल्या दोन दिवसांपासून सुरू होतं. खानावळीतली तर्रीवाली मिसळ, उघड्यावरची पाणीपुरी, मोठ्या प्रमाणात कच्चं सॅलड टाळा. त्या सकाळी पोहे, उपमा, इडली किंवा साधा वरणभात, नेहमीच्या निम्मं ते पाऊण. उपाशी पोटी थरथर वाढते, आणि उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी जपून खा, पोट जड होतं. देवाची हरकत नसेल तर तो एक उपास पुढे ढकला.

कुणीतरी ‘धडधड थांबवणारी गोळी’ सुचवेल. ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असते. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नका. दमा असलेल्याला ती धोकादायक ठरू शकते, आणि नाडी किंवा रक्तदाब आधीच कमी असेल तर चक्कर येते. झोपेच्या गोळ्या मित्राकडून घेणं त्याहून वाईट, दुसऱ्या दिवशी जीभ जड होते.

‘व’: हे काम दहा दिवस आधी संपवायचं

कागदपत्रांची भीती शंभर टक्के मिटवता येते. मुलाखतपत्रात ज्या क्रमाने कागद मागितले आहेत त्याच क्रमाने फाईल लावा. मूळ एका बाजूला, स्वसाक्षांकित छायाप्रती दुसऱ्या बाजूला, प्रत्येक गटाला चिकटचिठ्ठी. मग तीन गोष्टी ताडून बघा. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि अर्ज यांत नावाचं स्पेलिंग एकच आहे का; लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी किंवा राजपत्र सोबत आहे का. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची वैधता जाहिरातीत सांगितलेल्या तारखेला लागू होते का. आणि अर्जात टिक केलेल्या प्रत्येक दाव्याला, खेळाडू, दिव्यांग, अनाथ, माजी सैनिक, त्याचा कागद आहे का. तहसील कार्यालयातून काही आणायचं राहिलं असेल तर दहा दिवस हाताशी असलेले बरे. आदल्या रात्री कळलं तर रडण्यापलीकडे काही करता येत नाही.

कपडे नवे शिवलेत तर दोन तास घालून घरात वावरा, त्यातच एक मॉक द्या. नवे बूट हमखास चावतात. फिक्या निळ्या शर्टावर घामाचे डाग उठून दिसतात, पांढऱ्यावर बनियन असेल तर कमी. साडीची सवय नसेल तर त्या दिवशी पहिल्यांदा नेसू नका, नीटनेटका सलवार-कुर्ता पुरेसा आहे. पावसाळा असेल तर पिशवीत मोज्यांचा जादा जोड.

प्रवासात नांदेड, लातूर, चंद्रपूरकडच्या मुलांचे हाल होतात. स्लीपर बसमधून पहाटे उतरून थेट मुलाखतीला जाणं टाळा. एक पूर्ण दिवस आधी पोहोचा. पत्रात आयोगाचं सीबीडी बेलापूरचं कार्यालय असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच मार्गाने एकदा जाऊन दार बघून या. ही फेरी रविवारी करू नका. हार्बर लोकलच्या मार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असला तर वेळेचा अंदाज चुकतो आणि उगाच धास्ती बसते. उतरायचं कुठे हा प्रश्न असेल तर गोतावळा भरलेल्या आत्याच्या घरापेक्षा शांत, साधी लॉजची खोली बरी. आत्या रागावेल, नंतर समजावता येईल.

आदली रात्र

अभ्यास रात्री आठला बंद. फाईल, कपडे, रुमाल, सुटे पैसे दाराजवळ. मनात काही घोळत असेल तर दहा मिनिटं कागदावर उतरवा आणि कागद फाईलखाली ठेवून द्या. नेहमीच्याच वेळेला झोपा. आठ वाजताच आडवे झालात तर दहापर्यंत छत बघत पडाल. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसा, मंद उजेडात काहीतरी नीरस वाचा, डोळे जड झाले की परत या. आणि झोप नाहीच लागली तरी बिघडत नाही. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेवर अर्धा तास बोलता येतं. त्याआधीच्या चार-पाच रात्री नीट झालेल्या असल्या म्हणजे झालं. ‘आता झोपलो नाही तर उद्या संपलं’ हा विचारच झोपेचा शत्रू आहे.

प्रतीक्षा कक्ष: खरी कसोटी इथे

मुलाखत अर्ध्या तासाच्या आसपासची, वाट बघणं मात्र काही तासांचं असू शकतं. भीतीही लाटेसारखी येते. एकेकाचं नाव पुकारलं जातं तेव्हा ती उसळते, मग काही मिनिटांत ओसरते. ओसरते हे लक्षात ठेवा. सकाळी नऊपासून एकाच पातळीवर कोणी घाबरलेला राहू शकत नाही, शरीराला ते झेपत नाही.

मोबाईल हाताशी असेलच असं नाही, म्हणून मनगटी घड्याळ आणि एक घडीचा कागद जवळ ठेवा. कागदावर दहा-पंधरा पक्की पहिली वाक्यं, बाकी काही नाही. जाडजूड नोट्स उघडू नका. ऐन वेळी दिसलेला न वाचलेला मुद्दा ‘अरे हे राहिलंच’ म्हणून टोचतो, उपयोगाला येत नाही. त्या दिवसाचं वर्तमानपत्र सकाळी वीस मिनिटं चाळलेलं असावं, तेवढं पुरे.

खोलीत एक जण मोठ्याने बोलणारा असतोच. त्याने राज्यघटनेची सगळी कलमं पाठ केलेली असतात आणि ती तो शेजाऱ्याला ऐकवत असतो. तोही घाबरलेलाच आहे, त्याची पद्धत बोलण्याची. त्याच्यापासून चार खुर्च्या दूर बसा. बाहेर आलेल्याला ‘आत काय विचारलं?’ विचारू नका. त्याचे प्रश्न त्याच्या अर्जातून आले होते. त्यातलं तुमच्या वाट्याला एकही येणार नाही, भीती मात्र सगळी येईल. गप्पा मारायच्याच असतील तर गाव, प्रवास, पाऊस.

दर अर्ध्या तासाला उठून पाच मिनिटं कॉरिडॉरमध्ये चाला. अंगात उसळलेल्या शक्तीला पायांतून वाट मिळते. नाव जवळ आलं की तीन गोष्टी, याच क्रमाने: बुटातली बोटं दोनदा वळा-सोडा, दुहेरी श्वास दोनदा, आणि पहिलं वाक्य एकदा ओठांतल्या ओठांत. ‘मला भीती वाटत नाही’ असं स्वतःला सांगू नका, शरीर लगेच खोटं पाडतं. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की भाषण किंवा गाण्याआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस होते. धडधड तीच असते, तिचं नाव बदलतं. मराठीत ‘अंगात जोर आलाय’ म्हणा, पटतं.

आत

दार ढकलण्याआधी एक लांब श्वास सोडा, घेऊ नका. नमस्कार, बसायला सांगितल्यावर बसणं, पाठ खुर्चीला टेकवणं, दोन्ही तळपाय जमिनीवर. पहिल्या उत्तराचं पहिलं वाक्य मुद्दाम हळू बोला, स्वतःला कंटाळवाणं वाटेल इतकं. घाबरल्यावर बोलण्याचा वेग आपोआप वाढतो, तो सुरुवातीलाच धरला तर हाती राहतो. नजर प्रश्न विचारणाऱ्याकडे, उत्तर लांबलं तर मधे एकदा अध्यक्षांकडे.

डोकं एकदम कोरं झालं तर शोधत बसू नका. ताण असताना आठवण्याचा जोर लावला की दार आणखी घट्ट बसतं. प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणा: ‘सर, पीकविम्यात शेतकऱ्यांना भरपाई उशिरा का मिळते, असं आपण विचारताय.’ एवढ्यात चार-पाच सेकंद मिळतात आणि बहुतेकदा एक धागा हाती लागतो. गावात पाहिलेलं एखादं उदाहरण सांगून सुरुवात करा, तत्त्व मागाहून येतं. नाहीच आलं तर ‘मला हे माहीत नाही’ आणि गप्प.

सगळ्यात जास्त गुण जातात ते चुकलेल्या उत्तरामुळे नव्हे, त्याच्या नंतरच्या तीन उत्तरांमुळे. मन मागेच अडकतं, ‘अरे, तो आयोग कोणत्या साली?’ म्हणत राहतं आणि पुढचा प्रश्न अर्धाच ऐकू येतो. यासाठी शारीरिक खूण ठरवून ठेवा: उत्तर संपलं, बरं-वाईट कसंही, की डाव्या पायाचा अंगठा एकदा जमिनीवर दाबायचा आणि पुढे बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं. मॉकमध्ये दर उत्तरानंतर हे केलेलं असेल तर इथे आपोआप होतं.

एखादे सदस्य मुद्दाम तुटक बोलतात, ‘हे काय उत्तर झालं?’ म्हणतात. तो राग नसतो, विरोध झाल्यावर तुम्ही कसे वागता ते बघणं असतं. मत आधाराचं असेल तर ‘सर, आपला मुद्दा समजला, तरी मला असं वाटतं, कारण…’ आणि आधार कच्चा असेल तर ‘बरोबर आहे सर, ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती.’ दोन्हींत आवाज त्याच पट्टीत ठेवा. आवाज फुटला किंवा डोळे भरून आले, तर ‘एक घोट पाणी घेऊ का?’ विचारा. परवानगी मिळते.

घरच्यांचं

मामा, काका, जुने मास्तर, सगळ्यांचे फोन त्याच दोन दिवसांत येतात. प्रेमच असतं ते, पण प्रत्येक फोनला नव्याने धीर गोळा करून बोलावं लागतं. बहिणीला किंवा भावाला एकट्याला खबर द्यायची आणि बाकीच्यांना त्याने कळवायचं, असं आधीच ठरवून टाका. आईला मात्र स्वतः फोन करा.

डॉक्टरांकडे कधी

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली असेल, रोज उलट्या किंवा जुलाब होत असतील, अचानक छातीत कळ येऊन ‘आता मरतो’ असं वाटण्याचे झटके येत असतील, भीतीपायी मुलाखतीलाच न जाण्याचा विचार पक्का होत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वरच्या उपायांवर विसंबून राहू नका. छातीत दुखण्याचं कारण आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, ते मनाचंच आहे असं घरबसल्या ठरवू नये. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या समुपदेशनाचा अशा भीतीवर चांगला उपयोग होतो. त्याला काही बैठका लागतात, म्हणून मुलाखतीची तारीख लागायची वाट न बघता मुख्य परीक्षा झाल्या झाल्या सुरुवात करावी. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर दिवसरात्र कधीही मोफत फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. फोन लागल्यावर काय सांगायचं सुचत नसेल तर एवढं पुरे: ‘माझी मुलाखत अमुक तारखेला आहे, इतक्या दिवसांपासून झोप नाही, आणि मला भीती वाटते.’ पुढचं ते विचारतात.